फिर्गजेच्या शाळेतले दो-रे-मी

1622 साली गोव्यात, राचोलच्या छापखान्यातून एक लहानसे पुस्तक बाहेर पडले. भाषा कोकणी, लिपी रोमी, म्हणजे रोमन. हे पुस्तक मुलांना शिकवण्यासाठी संवादाच्या रूपात रचले आहे, असे त्याच्या नावातच सांगून टाकले होते. लेखक फादर थॉमस स्टीफन्स ते छापून आलेले पाहायला हयात नव्हते. ते 1619 सालीच वारले होते. मराठी वाचक त्यांना ओळखतो तो 1616 च्या ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून. जवळजवळ अकरा हजार ओव्या रचणारा हा इंग्रज जेसुइट पोराटोरांसाठी प्रश्नोत्तरेही लिहीत बसला होता, याचा उल्लेख मात्र आपल्याकडे क्वचितच होतो. गुरूने विचारायचे, शिष्याने उत्तर द्यायचे, असा त्याचा साचा. तो एका पोर्तुगीज पुस्तकावरून घेतलेला होता, पण उत्तर देणारे मूल साष्टीतले होते आणि आपल्या घरच्याच भाषेत बोलत होते.

गोव्यातल्या चर्चच्या शाळांचा इतिहास या पुस्तकाशी येऊन थोडा थबकतो, कारण पुढची जवळजवळ चारशे वर्षे वाद झाला तो नेमका याच गोष्टीवर. वर्गातल्या मुलाने कोणत्या भाषेत तोंड उघडायचे? व्हाइसरॉय, आर्चबिशप, मंत्री अशा प्रत्येकाने आपापल्या काळात याचे उत्तर हुकुमाने दिले आणि दर वेळी ते वेगळे दिले. त्याच वर्गात शिकवल्या जाणाऱ्या एका विषयाला मात्र कोणीच हात लावला नाही. तो म्हणजे सोल्फा, म्हणजेच पाश्चात्त्य स्वरलेखन. हा विषय शेवटी सगळ्यांना पुरून उरला.

सुरुवात मात्र स्टीफन्सच्याही बरीच आधी झालेली. 1512 साली आफोन्सो द आल्बुकेर्कने कोचीनहून पोर्तुगालच्या राजाला जे पत्र लिहिले, त्यात अक्षरओळखीच्या पुस्तकांनी भरलेली एक पेटी सापडल्याचा उल्लेख आहे. पुस्तके कुजून जाण्यापेक्षा कामी येऊ देत, म्हणून त्याने एका माणसाला शंभरेक मुलांना वाचायला-लिहायला शिकवण्याच्या कामावर लावले. शाळा काढायची म्हणून पुस्तके मागवली असे झाले नाही. पुस्तके सापडली म्हणून शाळा निघाली. सरकारी कारभाराचा हा नमुना पुढच्या पाचशे वर्षांत कोणाला अनोळखी वाटू नये.

गोव्यात 1541 साली सांता फेची शिक्षणसंस्था उभी राहिली. तीच पुढे जेसुइटांच्या हाती जाऊन सेंट पॉल कॉलेज झाली. 1542 च्या मे महिन्यात फ्रान्सिस झेवियर येऊन पोचले. हातात घंटा घेऊन रस्त्याने फिरायचे, पोरे गोळा करायची आणि दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, तालासुरात म्हणून घ्यायचे ही त्यांची पद्धत. मुलांना गाऊन सांगितलेले लक्षात राहते हे ज्ञान काही नवे नव्हते, आपल्याकडचे पाढेही तसेच पाठ होत. पण गाणे हा गोव्यातल्या कॅथलिक शिक्षणाचा कणा झाला तो इथून.

या शाळांचा पैसा कुठून आला, हेही सांगायला हवे. तिसवाडीतली देवळे पाडल्यावर त्यांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या धर्मकार्याकडे वळवण्यात आले. 1559 च्या कायद्याने तर आई-बाप, आजी-आजोबा कोणीच नसलेली हिंदू मुले सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात देऊन त्यांना बाप्तिस्मा द्यावा, असे ठरवले. बाराखडी आणि बळजोरी एकाच दारातून आत आली. गोव्यातल्या मिशनरी शिक्षणाचे गोडवे गाणारी पुस्तके हे पान झटकन उलटतात, आणि त्यांच्यावर तुटून पडणारी पुस्तके याच पानावर अडकून बसतात.

कॉलेज शहरात होते. खेड्यातल्या मुलाला भेटली ती फिर्गजेची शाळा. फिर्गज म्हणजे एका इगर्जीखालचा, म्हणजे चर्चखालचा, मुलूख, वसईकडे ज्याला धर्मग्राम म्हणतात तो. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून अशा शाळा उभ्या राहू लागल्या. वर पाद्री-विगार असायचा, पण रोजचा वर्ग चालवायचा तो मेस्त्रे. हा माणूस संन्यासी नव्हे, गावातलाच बायको-पोरांचा संसारी गृहस्थ. सकाळच्या मिसेला गाणार तो, लादाइन्यांच्या प्रार्थनांना व्हायोलिन वाजवणार तो, मयताबरोबर स्मशानापर्यंत जाणार तो आणि मधल्या वेळात पोरांना अक्षरे गिरवायला लावणारही तोच. पगार तुटपुंजा. एका माणसाच्या अंगावर चार कामे टाकून एकाचेच पैसे द्यायचे, ही आपल्या शिक्षणखात्याची अलीकडची युक्ती आहे असे कोणी समजू नये.

मेस्त्रेच्या वर्गात शिरलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातात वाद्य लगेच पडत नसे. आधी पट्टीतल्या पाच रेघा आणि त्यांच्यावर-मध्ये बसलेले ठिपके ओळखायचे. मग उजवा हात हवेत खाली, बाजूला, वर असा फिरवत मात्रा मोजायच्या आणि त्या हाताच्या चालीवर स्वरांची नावे म्हणायची: दो, रे, मी, फा, सोल, ला, सी. नुसती नावे, शब्द नाहीत. हात एकीकडे आणि गळा दुसरीकडे गेला की मेस्त्रेची लाकडी पाल्मातोरिया तळहातावर बसे. दांड्याला गोल चकती आणि चकतीला भोके असे तिचे रूप. पोर्तुगीज शाळांतली ती ठरलेली शिक्षा. डोळ्यांनी वाचायचे, हाताने मोजायचे आणि गळ्याने म्हणायचे ही तिन्ही कामे एकत्र जमू लागली की मग व्हायोलिन. त्या पोराला पोर्तुगीज वाक्य समजत नसेल, पण समोर कोणताही कागद ठेवला तरी तो गाऊन दाखवू शके. आणि ‘पोरा’ म्हणायचे तेही शब्दशः, कारण गायकवृंदासाठी तयार व्हायचे ते मुलगे. मुलींच्या वाट्याला दोतोर्न यायची, सोल्फा बहुधा नाही.

इकडे भाषेचे काय चालले होते? 1606 च्या धर्मपरिषदेने स्थानिक भाषा येत नसेल त्या पाद्र्याला फिर्गज देऊ नये असा ठराव केला. स्टीफन्स त्याच वातावरणात लिहीत होते. लोकांची लिपी छापता यावी, असेही त्यांना वाटे. ते साधले नाही, म्हणून पुस्तके रोमीतच राहिली आणि गोव्यातल्या कॅथलिक घरात पहिले अक्षर रोमी झाले ते कायमचेच. मग वारे फिरले. 27 जून 1684 रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला: तीन वर्षांच्या आत सगळ्यांनी पोर्तुगीजमध्ये बोलायला शिकावे, स्थानिक भाषा सोडावी आणि पाद्र्यांनी व शिक्षकांनी मुलांना पोर्तुगीजमधूनच शिकवावे. तीन वर्षे गेली, तीस गेली, शंभर गेली, तरी लोक कोकणीतच भांडत आणि कोकणीतच रडत राहिले. 1812 साली आर्चबिशपांना पुन्हा फर्मावावे लागले की मुलांनी शाळेत कोकणी बोलू नये. सव्वाशे वर्षांनी तोच हुकूम नव्याने काढावा लागतो, यातच पहिल्याचा निकाल आला. तरी नुकसान झालेच. कोकणी बोलली जात राहिली, पण शाळेने तिला पुस्तकाची भाषा होऊ दिले नाही, आणि घरी बोलतो ती भाषा गावंढळ अशी समजूत पिढ्यानपिढ्या मुलांच्या डोक्यात बसली.

या धोरणाला पहिला जाहीर धक्का दिला तो एका पोर्तुगीज अधिकाऱ्यानेच. कुन्य रिव्हारा हे सरकारचे मुख्य सचिव म्हणून 1855 साली गोव्यात आले. पुढच्याच वर्षी शिक्षक तयार करणाऱ्या शाळेच्या उद्घाटनात त्यांनी मुलांना मातृभाषेतून शिकवण्याची बाजू मांडली. स्टीफन्सचे कोकणी व्याकरण त्यांनी पुन्हा छापले आणि 1858 मध्ये कोकणीच्या इतिहासावर निबंध लिहिला. विद्वानांनी वाचला, शाळांच्या फळ्यावर त्याची एक ओळही उमटली नाही.

तोवर पोटाच्या प्रश्नाने तिसरीच भाषा पुढे आणली होती. गोव्यात काम नव्हते आणि मुंबईत होते. 1887 साली आरपोऱ्याला सेंट जोसेफ ही इंग्रजी शाळा निघाली, 1909 मध्ये साळगावला मातेर देई. पोर्तुगीज राजवटीतल्या मुलांना इंग्रजी शिकवण्याचा हा उद्योग सरळ नोकरीकडे नजर ठेवून होता. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावागावांचे कूड उभे राहिले. गावाहून आलेल्या तरुणाने तिथे पथारी टाकायची आणि काम शोधायचे. खानसामा, शिंपी, जहाजावरचा खलाशी, जे मिळेल ते. पण ज्याच्या पाठीशी फिर्गजेच्या शाळेतला मेस्त्रे होता, त्याच्याकडे आणखी एक हुन्नर होता.

संस्थानिकांचे बँड, पलटणींचे बँड, हॉटेलांतले नाच, मूकपटाच्या पडद्यापुढचा वाद्यवृंद, सगळीकडे कागदावरून वाजवणारा माणूस लागे. हिंदी चित्रपट बोलू लागला, वाद्यवृंद चाळीस-पन्नास जणांचे झाले, तेव्हा तर त्याच्यावाचून अडू लागले. संगीतकार चाल गुणगुणून दाखवी. ती स्वरलिपीत उतरवून व्हायोलिनला काय, सॅक्सोफोनला काय, चेलोला काय हे वाटून देणारा अरेंजर बहुधा गोंयकार, म्हणजे गोव्याचा, असे. शंकर-जयकिशनच्या कितीतरी गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा होते, सी. रामचंद्रांबरोबर चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. फ्रँक फर्नांड हे कुडचड्याचे. पुढे त्यांनी ‘आमचें नशीब’ (1963) आणि ‘निर्मोण’ (1966) हे कोकणी चित्रपट काढले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्व्हिसचे वडील गावच्या इगर्जीत गायकवृंद चालवत. याच अँथनीकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी गाण्यात जे नाव घातले ते या गुरूचे. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत मात्र या मंडळींची नावे क्वचितच आली. मेस्त्रेचा तर प्रश्नच नव्हता.

वर्गातल्या भाषेच्या बाबतीत वसईने वेगळी वाट धरली. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, युरोपीय पाद्री गेले आणि फिर्गजी गोंयकार पाद्र्यांनी सांभाळल्या. पोर्तुगीज सत्ताच गेल्यामुळे पोर्तुगीज भाषेचा हट्टही सैल झाला. कालांतराने इथल्या चर्चने मराठी शाळा काढल्या, प्रार्थना मराठीत म्हटल्या. त्याच मातीतल्या नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल नव्याने मराठीत आणले आणि 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. वर्गातली भाषा घरच्या भाषेजवळ राहिली की काय होते, याचा हा धडधडीत पुरावा गोव्यापासून रात्रीच्या गाडीच्या अंतरावर आहे.

गोवा 1961 च्या डिसेंबरात मुक्त झाला आणि चर्चच्या प्राथमिक शाळा झपाट्याने इंग्रजी झाल्या. 1990 मध्ये शिक्षणमंत्री शशिकला काकोडकर यांच्या काळात सरकारने ठरवले की अनुदान मिळेल ते फक्त प्रादेशिक भाषेतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांना. आर्चडायोसिसने आपल्या शंभराहून अधिक शाळा कोकणीत आणल्या. ज्या चर्चने 1812 मध्ये शाळेत कोकणी बोलायला बंदी केली, त्याच चर्चच्या वर्गात आता कोकणी पाठ्यपुस्तक आले. पण ते आले देवनागरीत. मुलाने शाळेत कोकणी देवनागरीत वाचायची आणि रविवारी इगर्जीत प्रार्थनेचे पुस्तक उघडले की तीच कोकणी रोमीत. आई-बापांना तर इंग्रजीच हवी होती. 2011 मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी शाळांनाही अनुदान देऊ केले, पुढच्या वर्षी सरकार बदलले तरी चर्चच्या शाळांचे अनुदान चालू राहिले. भाषाप्रेमी रस्त्यावर उतरले. 2016 मध्ये याच वादातून सुभाष वेलिंगकर यांची राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या गोव्यातल्या संघचालकपदावरून गच्छंती झाली. पहिलीतल्या मुलाच्या भाषेवरून संघात फूट पडावी, असे भारतात दुसरीकडे कुठे घडल्याचे ऐकिवात नाही.

या गदारोळात मेस्त्रे हळूहळू बाजूला सरला. शाळा सरकारी मान्यतेच्या झाल्या, वेळापत्रके आली, परीक्षा आल्या. इगर्जीच्या पगारात घर चालेना, आणि शिकलेला मुलगा आखातात गेला. 1952 साली पणजीत निघालेली संगीत अकादमी पुढे कला अकादमीत सामावली, तिथे परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळते. काही फिर्गजींत सोल्फाचे वर्ग आजही चालतात. बहुतेक ठिकाणी मात्र ते विगाराच्या हौसेवर अवलंबून आहेत. गोव्यात आणि मुंबईच्या गोंयकार वस्त्यांत ज्यांच्या घरी मेस्त्रेच्या हातच्या स्वरलिपीच्या वह्या अजून कपाटात पडून आहेत, त्यांनी त्या वाळवीच्या हवाली करण्याआधी निदान त्यांची छायाचित्रे तरी काढून ठेवावीत.