टपावरच्या ओझ्याची कुळकथा

डिसेंबरात डेन्व्हर किंवा व्हँकुव्हरमधलं एखादं मराठी कुटुंब बर्फाच्या डोंगराकडे निघतं, तेव्हा गाडीच्या टपावर चार स्नोबोर्ड बांधलेले असतात. स्नोबोर्ड म्हणजे पुरुषभर उंचीपेक्षा थोडीशी कमी, वीतभराहून जास्त रुंद अशी फळी. तिच्यावर दोन्ही पाय आडवे अडकवून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचं. त्याच आठवड्यात मलकापुरातून एखादी जीप हरभऱ्याच्या पाण्यासाठी घेतलेले तुषार संचाचे वीस-वीस फुटी पाइप टपावर घालून राजूर घाट चढत असते. बोर्ड असो की पाइप, माल एकाच स्वभावाचा: लांब, वजनाला हलका, गुळगुळीत, आणि गाडीच्या आत न मावणारा. तो धरून ठेवणाऱ्या कॅरिअरची वंशावळही एकच आहे. त्या वंशावळीतल्या बहुतेक पिढ्या बुलढाणा जिल्ह्याच्या रस्त्यांवर राबून गेल्या आहेत.

पहिली पिढी चार पायांची. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या तांड्यांतून, पाठाळ बैलांच्या पाठीवरून बाहेर जाई. कधी समुद्राच्या दिशेने, कधी थेट उत्तरेत मिर्झापूरच्या बाजाराकडे. बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना दोन गोण्या लोंबत असत आणि त्यांचं वजन सारखं असावं लागे. एक गोणी जड झाली की खोगीर सरकायचं, पाठ सोलायची आणि बैल दोन मुक्कामांत निकामी व्हायचा. म्हणून गोण्या चढवताना दोन बाजूंना दोन माणसं उभी राहत, उतरवतानाही तसंच. टपावरचं ओझं मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना सारखं हवं, हा आज प्रत्येक कॅरिअरच्या माहितीपत्रकात छापलेला नियम त्या तांड्यांनी जनावराच्या पाठीवर शिकून घेतला होता.

बैलगाडीने त्यात दुसरा नियम घातला. दोन चाकांच्या गाडीत भार कण्याच्या किंचित पुढे हवा. मागे गेला तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. फार पुढे आला तर सगळं ओझं मानेवर बसतं. कडबा किंवा पऱ्हाटी भरताना गाडीवान पेंढ्यांचे थर आडवे-उभे रचतो, वरून दोर टाकतो आणि तो गाडीच्या खुंट्यांना आणि साट्याला बांधतो. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. माल मालालाच बांधला तर सगळा ढीग एकदम घसरतो. दोर गाडीच्या हाडाला बांधला गेला, तरच ढीग आणि गाडी एक होऊन हलतात.

मग रूळ आले. १८६७ साली भुसावळकडून आलेला मार्ग नागपूरला पोहोचला. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही गावं त्या मार्गावर आली. खामगावची कापसाची बाजारपेठ एवढी मोठी होती की तिच्यासाठी जलंबहून सुमारे १३ किलोमीटरचा खास फाटा टाकला गेला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी खामगावात आले. पण हे रूळ पूर्णेच्या सपाट खोऱ्यातले. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा हा सगळा घाटावरचा मुलूख रुळाविना राहिला. बुलढाणा जिल्ह्याचं ठिकाण असूनही तिथे रेल्वे नाही. घाटावर जे काही जायचं, ते रस्त्यानेच. टपावरच्या ओझ्याला या जिल्ह्यात एवढं महत्त्व आलं, ते या भूगोलामुळे.

मोटारबस आली तेव्हा तिचा सांगाडा कारखान्यातून यायचा आणि वरची लाकडी बॉडी इथले सुतार-लोहार बांधायचे. आत बाकं बसवली की सामानाला जागा उरत नसे. युरोपात घोड्यांच्या डाकगाड्या पेट्या आणि वळकट्या छतावर टाकत, तीच रीत बसने उचलली. छताच्या चारी बाजूंनी लोखंडी कठडा, मागे चढायला शिडी. मात्र छताचा पत्रा वजन पेलत नाही. पेलतात ते पत्र्याखालचे आडवे वासे आणि ते ज्या खांबांवर टेकलेत ते खांब. कठड्याचे पाय खांबांच्या डोक्यावर आले तर बस वर्षानुवर्षं ओझं वाहते. दोन खांबांच्या मध्ये आले तर पहिल्याच पावसाळ्यात छत गळू लागतं. बॉडी बांधणारा कारागीर हे आकडेमोडीने सांगत नसे, पण त्याचा हात तिथेच भोक पाडत असे.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, तेव्हा बुलढाणा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि महाराष्ट्र झाल्यावर १९६१ साली आजचं राज्य परिवहन महामंडळ उभं राहिलं. पुढची कित्येक वर्षं एसटीचा टप हे घाटावरच्या गावांचं मालधक्क्यासारखं ठिकाण होतं. स्टँडवर गाडी लागली की हमाल शिडीवर चढायचा, कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायचा. बियाण्याचे कट्टे, सायकली, लोखंडी पेट्या, लग्नाचं रुखवत, भजनी मंडळाच्या पेटी-मृदंगाच्या वळकट्या, सगळं वर जाई. शेगावला निघालेल्या माणसाचं जाताना आणि येताना असं दोन्ही वेळचं ओझं त्या कठड्याने वाहिलं आहे. पुढे निमआराम गाड्यांत सामान पोटातल्या डिकीत गेलं आणि एसटीचा टप मोकळा होत गेला.

टपावरचा माल मात्र थांबला नाही. तो काळी-पिवळीवर, म्हणजे प्रवासी जीपवर गेला. जीपची गोष्ट वेगळी, कारण तिला भार पेलणारं छतच नव्हतं. महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलीस जीप जोडायला सुरुवात केली. ही लष्करी जातीची उघडी गाडी, वर कॅनव्हासचं हूड. त्यावर ओझं टाकणं अशक्य. म्हणून लांब जीपा प्रवासी वाहतुकीला लागल्या, तशी वेल्डिंगच्या दुकानांतून उत्तरं निघाली. चेसिसशी जोडलेल्या बॉडीच्या बाजूपट्टीवर अँगलचे उभे खांब घ्यायचे, त्यावर चौकोनी पाइपची चौकट बसवायची, आडव्या पट्ट्या टाकायच्या, रेडऑक्साइडचा हात मारायचा. ओझं हुडाला शिवतही नाही, ते खांबांतून थेट खालच्या लोखंडात उतरतं. पुढे पत्र्याच्या छताच्या गाड्या आल्या. ट्रॅक्स आली, १९९४ साली टाटा सुमो आली. चौकटीचे पाय बदलत गेले, पण ओझ्याचा रस्ता खालच्या लोखंडापर्यंत नेण्याचं तत्त्व तेच राहिलं. होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्यांचे टप पाहिले, तर कितीतरी घरांचा चार दिवसांचा संसार अशा चौकटींवर ताडपत्रीखाली बांधलेला दिसतो.

खासगी मोटारीचं कॅरिअर दुसऱ्या शाखेतलं. अँबॅसेडर, प्रीमियर पद्मिनी, सुरुवातीची मारुती ८०० या गाड्यांच्या दारांवर, छताच्या कडेने एक बारीक पन्हळ धावते. छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे एकमेकांवर ठेवून ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्ड केलेले असतात, तोच हा जोड. पावसाचं पाणी दारावर न गळता बाजूला जावं म्हणून त्याला पन्हळीचा आकार दिला. दोन पत्रे एकत्र आल्यामुळे ती छताची सगळ्यांत कणखर कड झाली. कॅरिअर करणाऱ्यांनी ते ओळखलं. पन्हळीत पाय ठेवायचा, बाहेरून आकडा घ्यायचा, नट आवळायचा. छताला भोक नाही, वेल्डिंग नाही, आणि वजन थेट दाराच्या खांबांवर. मुंबईच्या टॅक्सीचं कॅरिअर असंच बसायचं आणि गावोगावच्या भाड्याच्या अँबॅसेडरचंही.

बर्फाच्या देशांतली कॅरिअरं याच पन्हळीवर वाढली. स्वीडनमधल्या हिलरस्टॉर्पला एरिक थुलिन यांनी १९४२ साली ‘थुले’ हे नाव पहिल्यांदा मासे पकडायच्या सापळ्यावर घातलं. साठच्या दशकात त्यांचा कारखाना मोटारीच्या टपावरच्या सामानाकडे वळला, कारण लोकांकडे मोटारी आल्या होत्या आणि सुट्टीत त्यांना स्कीच्या लांब पट्ट्या डोंगरावर न्यायच्या होत्या. त्यासाठी दोन आडव्या दांड्यांवर रबर लावलेले जबडे बसवले गेले. अमेरिकेत मिशिगनमधल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन यांनी १९६५च्या नाताळात मुलींना खेळायला दोन स्की एकमेकींना जोडून दिल्या. त्या खेळण्याला ‘स्नर्फर’ नाव पडलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जेक बर्टन यांनी व्हर्माँटमध्ये त्या फळीला आजच्या स्नोबोर्डकडे नेलं आणि १९९८च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो खेळ म्हणून दाखल झाला. कॅरिअरला यामुळे बदलावं लागलं. स्की अरुंद आणि सपाट. स्नोबोर्ड रुंद, शिवाय त्यावर पाय अडकवायच्या उंच पकडी. जबडे रुंद झाले आणि पकडी छताला घासू नयेत म्हणून दांड्यांपासून वर उचलले गेले. सहा जोड स्की धरणारा जबडा साधारण चारच बोर्ड धरतो, त्याचं कारण हेच.

याच काळात पन्हळ नाहीशी झाली. ऐंशीच्या दशकापासून गाड्यांचे आकार हवेला अनुकूल होऊ लागले, दारं छतात वळू लागली आणि पत्र्यांचा जोड आत लपला. कॅरिअरला धरायला जागा राहिली नाही. मग दाराच्या चौकटीत आकडा घालणारे पाय आले. प्रत्येक गाडीचा वाक वेगळा, म्हणून प्रत्येक गाडीसाठी वेगळा आकडा. काही कंपन्यांनी छतावर उभे कठडे दिले, काहींनी छताला चिकटलेले, काहींनी झाकणाखाली तयार आटे ठेवले. आज कॅरिअर निवडताना सगळ्यांत पहिला प्रश्न हाच असतो की आपल्या गाडीचं छत यातल्या कोणत्या जातीचं आहे.

दुसरा प्रश्न वजनाचा. बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांच्या छताची चालत्या गाडीतली मर्यादा ५० ते १०० किलोच्या दरम्यान असते. तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं. ७५ किलोची मर्यादा असलेल्या छतावर २० किलोची बंद पेटी बसवली, तर उरतात ५५. म्हणजे डीएपी खताची एक बॅग. दुसरी ठेवली की मर्यादा मोडली. चार स्नोबोर्ड पकडींसकट वीसेक किलोच्या आत बसतात, त्यांना उघडा जबडा पुरतो. पण बर्फाळ रस्त्यांवर मीठ टाकतात. ते चिखलासोबत उडून पकडींच्या लोखंडाला आणि बोर्डाच्या धारेला खातं. लांबचा प्रवास असेल, बूट, जाड कोट, हातमोजेही न्यायचे असतील, तर बंद पेटी बरी. उंचावर हात पोहोचत नसेल तर गाडीच्या मागच्या हुकावर बसणारं कॅरिअर असतं, मात्र तिथे चिखल आणि मीठ सगळ्यांत जास्त.

तिसरा प्रश्न वेगाचा, आणि इथे बुलढाणा जिल्ह्याला नवं काही शिकायचं आहे. राजूर किंवा बोथा घाटात गाडी ४० च्या आसपास चालते. तिथे धोका उंचीचा: टपावरच्या वजनाने गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी बाहेर झुकते. म्हणून जड कट्टे आत, हलका माल वर. पण ११ डिसेंबर २०२२ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झालेला समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून जातो, आणि तिथे मोटारींना १२०ची मुभा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. घाटातल्या ४० पेक्षा १२०ला तो नऊपट होतो. नुसता सुतळीने आवळलेला, पुढून वर उचललेला पाइपांचा जुडगा घाटात निमूट बसतो. समृद्धीवर त्याच्याखाली वारा शिरतो आणि तो सुटला तर मागच्या गाडीच्या काचेत जातो. बर्फाच्या देशातल्या कॅरिअरवाल्यांनी हेच ओळखून बोर्डाचं टोक वाऱ्याखाली सापडू नये म्हणून पट्टे आणि कुलपं दिली, दांड्यांना विमानाच्या पंखासारखा छेद दिला आणि थोडं अंतर गेल्यावर थांबून नट पुन्हा तपासा असं बजावलं. लांब माल पुढे-मागे दोन ठिकाणी गाडीच्या हाडाला बांधावा, समोरून उघडा ठेवू नये, आणि थांबून गाठ तपासावी, ही शिस्त आता घाटावरच्या जीपवाल्यानेही अंगी बाणवायला हवी.

कॅरिअर विकणारे दांड्यांचा चकचकीतपणा दाखवतात. या वस्तूचं कूळ मात्र वेगळंच सांगतं. गोणीने बैलाची पाठ पाहिली, गाडीवानाने खुंट्या आणि साटा पाहिला, बॉडी बांधणाऱ्याने खांब शोधले, वेल्डरने ओझं चेसिसपर्यंत नेलं, थुलिनच्या कारखान्याने पन्हळ धरली आणि ती गेल्यावर दाराची चौकट. प्रत्येक पिढीने आधी ओझं कुठे टेकतं ते ठरवलं आणि मग ते कशाने धरायचं याचा विचार केला. गाडी कोणतीही असो, टपावर हरभऱ्याचे पाइप असोत की मुलांचे स्नोबोर्ड, कॅरिअर घेताना याच क्रमाने विचारावं: छताची जात, पुस्तिकेतलं वजन, रस्त्याचा वेग. यांची उत्तरं मिळाल्याशिवाय पैसे मोजू नयेत. टपावरून सुटलेली वस्तू नेणाऱ्याची राहत नाही, ती मागून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या जिवावर उठते. म्हणून नट आवळणं हे दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घेणं आहे.