शूल, कुलंज आणि वायगोळा : उदरवेदनेच्या निदानाची परिभाषा

मोसम नदीकाठच्या मालेगावात मराठी व अहिराणी बोलणाऱ्या वस्तीबरोबरच, १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून येऊन स्थायिक झालेल्या उर्दूभाषी विणकरांची मोठी वस्ती आहे. त्यामुळे पोटातील तीव्र वेदनेला येथे वैद्याचा ‘शूल’, हकिमाचा ‘कुलंज’, डॉक्टरांचा ‘कॉलिक’ आणि घरोघरचा ‘वायगोळा’ अशी अनेक नावे आढळतात. ही नावे वरवर समानार्थी भासतात. वस्तुतः प्रत्येक नाव निदानाची निराळी दिशा सुचविते.

‘शूल’ ही संज्ञा वेदनेच्या गुणावर आधारलेली आहे. शरीरात खुंटी ठोकावी तशी वेदना होते म्हणून तो शूल, असा खुलासा सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आहे. मात्र तेथे शूलाचा विचार गुल्माच्या अध्यायातच येतो. त्याला स्वतंत्र प्रकरण दिले ते माधवकराने, सुमारे सातव्या-आठव्या शतकात. ‘माधवनिदाना’त वेदनेच्या काळालाही महत्त्व आले. अन्न पचत असताना उठणारा तो परिणामशूल. अन्न पचो वा न पचो, जेवण्याने अथवा उपवासाने ज्याचे शमन निश्चित होत नाही तो अन्नद्रवशूल. परिणामशूल म्हणजेच आजचा ग्रहणीव्रण, असे समीकरण पुष्कळ वैद्य मांडतात. ते सोयीचे असले तरी पुरेसे नाही. माधवकराचे वर्गीकरण दोषांवर उभे आहे. या व्रणांच्या मुळाशी बहुधा जंतू असतो, हे १९८२ पासून पर्थ येथील वॉरन व मार्शल यांच्या संशोधनाने पुढे आले.

‘कुलंज’ शब्दाचा प्रवास अधिक मनोरंजक आहे. मोठ्या आतड्याचे ग्रीक नाव ‘कोलोन’. त्यावरून साधलेला शब्द अरबी वैद्यकात ‘कूलंज’ झाला आणि फारसी-उर्दूच्या वाटेने हिंदुस्थानात आला. तोच ग्रीक शब्द लॅटिनमार्गे इंग्रजीत ‘कॉलिक’ झाला. म्हणजे मालेगावच्या मन्सूरा येथील तिब्बिया महाविद्यालयात शिकलेला हकीम आणि शेजारच्या दवाखान्यातील डॉक्टर हे दोन वाटांनी आलेला एकच शब्द वापरीत असतात. (कुलिंजन या औषधी मुळीशी या शब्दाचे साम्य केवळ ध्वनीचे आहे.) येथे नाव स्थानावरून पडले आहे, साहजिकच निदानाचा भरही स्थानावर पडला. अविसेनाने (९८०–१०३७) कुलंजावर स्वतंत्र प्रबंध लिहिला आणि आतड्याची वेदना व मूतखड्याची वेदना यांतील भेदही सांगितला. त्याचा मृत्यू याच व्याधीने झाला, असे चरित्रपरंपरा सांगते.

‘वायगोळा’ मात्र गुणही सांगत नाही, स्थानही सांगत नाही. तो थेट कारण सांगून मोकळा होतो. धोका आहे तो येथेच. वातगुल्म जागा बदलतो, अशी शास्त्राचीही धारणा होती. तीच लोकभाषेत ‘गोळा सरकला’ या प्रयोगाने टिकली. सरकणारी वेदना म्हणजे वायू आणि वायूवर उपाय एरंडेल, असा हा क्रम.

पाश्चात्त्य वैद्यकही अशा चकव्यातून सुटले नव्हते. उजव्या ओटीपोटातील प्राणघातक दाह अंधांत्राचा मानला जाई व नावही तसेच होते. १८८६ मध्ये रेजिनाल्ड फिट्झ यांनी त्याचे मूळ आंत्रपुच्छात असल्याचे दाखविले आणि वेळीच शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह धरला. १८८९ मध्ये मॅकबर्नी यांनी दाबल्यावर सर्वाधिक दुखणारा बिंदू निश्चित केला. या रोगात वेदना बहुधा प्रथम बेंबीभोवती उठते आणि काही तासांनी उजवीकडे खाली स्थिरावते. अशा वेळी एरंडेलासारखे रेचक दिल्यास आंत्रपुच्छ फुटण्याचा संभव वाढतो.

सारांश, ‘गोळा सरकला’ हे रोग्याचे निरीक्षण अचूक असू शकते. चुकतो तो ‘वाय’ हा त्याचा पूर्वपद. निदान करणाऱ्याने ते पूर्वपद बाजूला ठेवून क्रियापद ऐकावयाचे असते : कोठून सरकला, कोठे थांबला, किती तासांत.