पत्त्यांचा कॅट कोणी निवडायचा?

मित्रहो, आज शनिवार. तुमच्यातले बरेच जण काष्टीच्या बाजारातून थेट इथं आले असणार. बैलजोडी निवडताना खांदा, खूर, दात बघणाऱ्या माणसांसमोर मी पत्ते निवडण्याबद्दल बोलणार आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

विषय सुचला तो नातवामुळे. तो पोकेमॉनचे पत्ते खेळतो. जवळ शेकड्यांनी पानं, पण डावाला साठच घ्यायची. परवा पोरगा तासभर जमिनीवर पानं मांडून बसला होता. म्हटलं, काय अडलंय? तर म्हणाला, "आजोबा, दोन काढायची आहेत, आणि सगळीच लागतात." तत्त्वज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण निवडीची अडचण इतक्या थोडक्यात मला कधी मांडता आली नाही.

आता जरा मागे जाऊ. आपल्याकडचा जुना खेळ गंजिफा. बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या काळी अबुल फजलनं 'ऐन-इ-अकबरी'त बारा रंगांचा, प्रत्येकी बारा पानांचा, म्हणजे १४४ पानांचा कॅट वर्णन केलाय. त्याची तक्रार मजेदार आहे : जुन्या लोकांनी बाराचा आकडा धरला खरा, पण बारा राजे बारा तऱ्हेचे असावेत हे ते विसरले! म्हणून मग घोड्यांचा राजा, हत्तींचा राजा, किल्ल्यांचा, खजिन्याचा, नावांचा, अगदी सापांचासुद्धा. राज्य कशाकशाचं बनतं, याची ती यादीच. आणि कॅटात काय राहावं हे ठरवणार बादशहा. खेळणाऱ्याला कोण विचारतो?

आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा १२० पानांची. दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत पानं. पानं गोल. पाच जण बसले तर वाट्याला २४ येतात. दिवसा डाव रामाच्या राजापासून सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. हुकूम नसतो, पडलेलं पान ध्यानात ठेवणारा जिंकतो. निम्म्या रंगांत दहा मोठा, निम्म्यांत एक्का मोठा, त्यामुळे डोकं चांगलंच शिणतं. अवतार दहा हे ठरलेलं, पण ओडिशात नवव्या जागी बुद्धाऐवजी जगन्नाथ बसतो. म्हणजे तिथंही कोणीतरी निवड केलीच की! फक्त ती चित्रकारानं आणि त्याच्या मुलुखाच्या भक्तीनं केली.

छापील पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफा मागे पडली. सावंतवाडीत शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या सुमारास ती पुन्हा उभी करायला घेतली, तेव्हा ही कला जाणणारा एक वृद्ध चितारी तेवढा उरला होता. तो नसता तर १२० पानं संग्रहालयाच्या काचेमागे राहिली असती.

खेड्यात आम्ही मात्र बावन्न पानांतून हवी ती वेचायचो. पाच-तीन-दोनला अठ्ठीपासून वरची २८ पानं आणि दोन सत्त्या, अशी तीस, तिघांना दहा-दहा. तीनशेचारला सत्तीपासून वरची बत्तीस. तिथं गुलाम ३० गुणांचा नि राजा ३ चा! आमच्या कॅटातली इस्पिकची दश्शी हरवली होती. तिच्या जागी विडीच्या पाकिटाचा पुठ्ठा कापून घातला. दश्शी कोणाकडे आहे हे पाठीमागूनच कळायचं, तरी सहा महिने खेळलो.

खरा बदल १९९३ मध्ये झाला. रिचर्ड गारफिल्ड या गणितात डॉक्टरेट केलेल्या अमेरिकन माणसानं 'मॅजिक' नावाचा खेळ काढला. त्यात प्रत्येकानं आपला कॅट घरून बांधून आणायचा. पुढं नियम ठरला : किमान साठ पानं, आणि मूळ 'जमीन' सोडली तर एकच पान चारपेक्षा जास्त नाही. साठाहून जास्त घ्यायला बंदी नाही, पण जाणते घेत नाहीत. पानं वाढली की हवं ते पान हाती यायची शक्यता घटते. जमीन कमी घेतली तर भारी पानं हातात नुसती पडून राहतात. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र मला खटकते. ही पानं पाकिटात बंद विकतात, दुर्मीळ पान महाग. बादशहा गेला, पण निवड पोराच्या हाती पुरती आलेली नाही. खिशात किती आहे, त्यावरही ती ठरते.

नातवानं शेवटी दोन पानं काढली. त्यातलं एक त्याचं सगळ्यात आवडतं होतं. ते त्यानं माझ्याकडे दिलं, सांभाळायला. हे बघा, खिशात आहे.