पीएच.डी. झाली, पुढे काय? विज्ञानातील डॉक्टरेटनंतरच्या वाटा

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची नृसिंहवाडी ही दत्तक्षेत्र म्हणून सर्वांना ठाऊक असते. तिथून चाळीसेक किलोमीटरवर कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १९६२ ची. वाडी, शिरोळ, जयसिंगपूर या पट्ट्यातल्या विज्ञान शाखेच्या मुलांना विद्यापीठ म्हणून हेच जवळचे. पीएच.डी. करताना त्यांतल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच नोकरी असते, प्राध्यापकाची.

या वाटेवर गर्दी फार आहे. अनुदानित महाविद्यालयांत कायम जागा निघायला वर्षे लागतात. तोवर अनेक जण तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवतात. त्यात घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते, सुट्टीच्या महिन्यांत हात रिकामा. पात्रतेचे नियमही बदलत राहिले. विद्यापीठ विभागांत सहाय्यक प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. सक्तीची करण्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये ठरवले, पण जुलै २०२३ पासून नेट किंवा सेट हीच किमान पात्रता ठेवून पीएच.डी. ऐच्छिक केली. म्हणून एम.एस्सी.नंतरच सेट देऊन ठेवणे शहाणपणाचे. महाराष्ट्रात ही परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते.

दुसरी वाट पोस्टडॉकची. पोस्टडॉक ही नोकरी नव्हे. ठरावीक मुदतीचे, दुसऱ्या प्रयोगशाळेतले ते संशोधन असते. केंद्राच्या प्रकल्पांत रिसर्च असोसिएटला २०२३ पासून दरमहा ५८ हजार ते ६७ हजार रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. मात्र इथे वय आडवे येते. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपची मर्यादा साधारणपणे ३५ वर्षांची आहे, महिला व राखीव प्रवर्गांना सवलत आहे. इन्स्पायर फॅकल्टी योजनेची मर्यादा त्याहून कमी, खुल्या गटासाठी ३२. पीएच.डी. रेंगाळत तिशीपार गेली की यातले एकेक दार बंद होऊ लागते.

कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांची वाटचाल पाहावी. केंब्रिजची पीएच.डी. १९६३ ची, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते आले १९७२ मध्ये. मधली नऊ वर्षे त्यांनी केंब्रिजलाच संशोधनात काढली. पुण्याची ‘आयुका’ १९८८ ची. त्यांची वाट सरळ दिसते. कमला सोहोनी यांची तशी नव्हती. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या परतल्या आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात अध्यापन, कुन्नूरच्या प्रयोगशाळेत आहारसंशोधन, मग मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेचा अभ्यास अशी त्यांची कामे बदलत गेली.

अध्यापनाबाहेरही कामे आहेत, पण प्रत्येकाची अट वेगळी. शिरोळ तालुका उसाचा. तरी कारखान्याच्या केमिस्टच्या जागेला सहसा पीएच.डी. लागत नाही, साखर तंत्रज्ञानाची पदविका तिथे जास्त चालते. कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्रातल्या जागा राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडून भरल्या जातात आणि त्यांना कृषी पदवी हवी, त्यामुळे रसायनशास्त्राच्या डॉक्टरला गावाशेजारचे हे केंद्र उपयोगी पडत नाही. (उसाच्या अतिसिंचनाने खारवट झालेल्या नदीकाठच्या जमिनींवर मात्र मृदा-रसायन आणि सूक्ष्मजीवशास्त्र या दोन्हींचे काम खूप बाकी आहे.)

पुणे-मुंबईच्या औषध, लस आणि रसायन कंपन्यांत संशोधकांना मागणी असते. तिथे शोधनिबंधांच्या संख्येपेक्षा कोणते उपकरण स्वतः हाताळता येते हे विचारले जाते. पेटंट एजंट होण्यासाठी विज्ञानाची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा पुरते, पीएच.डी. असेल तर अशील विश्वासाने येतात. स्वतःचा जैवतंत्रज्ञान उद्योग काढायचा तर ‘बायरॅक’च्या ‘बिग’ योजनेतून ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते. विज्ञानलेखनाची वाटही मराठीत जुनी आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधक बाळ फोंडके पुढे ‘सायन्स टुडे’चे संपादक झाले.

या सगळ्यांत वेळेचा हिशेब महत्त्वाचा. मौखिक परीक्षा होऊन पदवीची अधिसूचना हाती येईपर्यंत काही महिने जातात. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपसारख्या योजनांत प्रबंध सादर केलेल्यांनाही अर्ज करता येतो. त्यामुळे शेवटचे प्रकरण लिहीत असतानाच अर्जांची तयारी आणि शिफारसपत्रांसाठी मार्गदर्शकांशी बोलणे सुरू करायला हवे.