सुट्या भागांची जंत्री

सोनाराच्या दुकानांत शेंकडों बारीक हत्यारें असतात. त्यांची यादी कोठें लिहिलेली नसते. ती सोनाराच्या डोक्यांत असते, आणि दुकान त्याचें एकट्याचें असल्यामुळें तेवढ्यानें भागतें. परंतु तींच हत्यारें पन्नास माणसांनीं मिळून वापरावयाचीं ठरलें, कीं एकाच्या स्मरणशक्तीवर विसंबून चालत नाहीं. जी वस्तु कोठें आहे हें ठाऊक नाहीं, ती असून नसल्यासारखीच. इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या सुट्या भागांच्या बाबतींत ही अडचण विशेष जाणवते. कारण ते भाग आकारानें दाण्याएवढे, दिसण्यांत एकसारखे आणि गुणांनीं मात्र अगदीं निरनिराळे असतात. या पसाऱ्याला शिस्त कशी लागली, याचा इतिहास मनोरंजक तसाच बोधप्रद आहे.

त्या इतिहासाचा एक धागा विजेशीं मुळींच संबंध नसलेल्या ठिकाणीं सांपडतो. १८७० नंतरच्या दशकांत शार्ल रेनार हा फ्रेंच सैन्यांतील अभियंता लष्करी बलूनांचें काम पाहत होता. बलूनांसाठीं लागणाऱ्या दोरखंडांचे ४२५ निरनिराळे आकार त्या वेळीं प्रचारांत होते. एका आकारापासून पुढचा आकार बेरजेनें न वाढवतां गुणाकारानें, म्हणजे भूमितिश्रेढीनें, वाढवावा, असें रेनारनें ठरविलें. पांच पायऱ्यांत दसपट, अशी त्याची मूळ मांडणी. तिच्या योगानें ४२५ आकारांचें काम अवघ्या १७ आकारांवर आलें. कोठाराची व्यवस्था खण वाढवून होत नाहीं, खणांची गरज कमी करून होते, हा धडा यांतून मिळाला.

पुढें १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत घरोघरीं रेडिओ आला. त्यांतील रोधक, म्हणजेच रेझिस्टर, इतका लहान कीं त्यावर आंकडे छापणें कठीण. आणि छापले तरी ते पुसून जात. तेव्हां तेथील रेडिओ-उत्पादकांच्या संघानें आंकड्यांच्या जागीं रंग योजले. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक. नंतर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत इंद्रधनुष्याच्या क्रमानें दोन ते सात. राखी आठ आणि पांढरा नऊ. प्रथम रोधकाचें अंग, टोंक आणि ठिपका हे रंगवीत. पुढें त्यांच्या जागीं रंगीत कडीं आलीं. भाग कसाही पडला, तरी कडें सर्व बाजूंनीं दिसतें, ही त्यांतील सोय.

१९५२ सालीं आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगानें रोधकांसाठीं व कंडेन्सरांसाठीं रेनारच्याच धर्तीच्या श्रेढ्या प्रसिद्ध केल्या. त्यांतील बारा पायऱ्यांची श्रेढी अशी: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. हे आंकडे प्रथमदर्शनीं विचित्र वाटतात. पण शेंकडा १० ची कमीजास्त धरली, तर १०० ओहमच्या रोधकाची वरची मर्यादा ११० येते आणि १२० च्या रोधकाची खालची १०८. मध्यें फट जवळजवळ उरतच नाहीं. म्हणून १० ओहमपासून एक कोटि ओहमच्या आंतील सर्व मूल्यांना सहा दशकांचे, दर दशकास बारा, असे ७२ खण पुरतात. सामाईक कार्यशाळेच्या भिंतीवरील छोट्या खणांच्या कपाटामागें हें गणित उभें आहे.

त्याच सालीं अमेरिकेच्या सरकारनेंही लष्करी साहित्याच्या एकत्रित सूचीचा कायदा केला. दुसऱ्या महायुद्धांत एकच वस्तु निरनिराळ्या खात्यांत निरनिराळ्या नांवांनीं ठेवली जाई. त्यामुळें एकाकडे तुटवडा आणि दुसऱ्याकडे ढीग, असा प्रकार घडे. एका वस्तूला एकच क्रमांक, हें त्यावरचें उत्तर.

सामाईक कार्यशाळांची परंपराही याच सुमाराची. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेंत १९४६ च्या सुमारास स्थापन झालेल्या प्रतिकृति-रेल्वे मंडळाचे विद्यार्थी टेलिफोन कंपनीकडून मिळालेल्या रिलेंवर आपले रूळ चालवीत. आणि साहित्य अपुरें पडलें, तर त्यांतील कांहीं जण रात्रीच्या अंधारांत इतर खात्यांच्या कोठारांत शिरत. पुढें बर्लिनमध्यें १९९५ सालीं सी-बेस आणि २००७ सालीं न्यूयॉर्क येथें चक्क रेझिस्टरचेंच नांव धारण करणारी कार्यशाळा निघाली. २०१३ सालीं मुंबईंतही मेकर्स असायलम ही संस्था सुरू झाली.

अशा ठिकाणीं दान म्हणून आलेल्या जुन्या यंत्रांचा ओघ असतो; आणि न निवडलेलें दान हें साठा नसून ओझें असतें. म्हणून आलेला माल आधीं एका वेगळ्या पेटींत, तेथून चिठ्ठी लावलेल्या खणांत, आणि जें उपयोगाचें नाहीं तें बाहेर, हा क्रम पाळावा लागतो. एक एक रोधक मोजून वहींत टिपण्याचा नियम फार दिवस टिकत नाहीं, कारण टिपण्याचा त्रास वस्तूच्या मोलापेक्षां जास्त होतो. त्यापेक्षां खणांत राखीव पुडी ठेवावी, आणि ती फोडणारानें मागणीच्या फळ्यावर नांव लिहावें, हें सोपें. किंमती भाग मात्र मोजूनच ठेवले पाहिजेत.

आजच्या काळांत या व्यवस्थेला नवें महत्त्व आलें आहे. पटलावर चिकटवण्याच्या अतिसूक्ष्म कंडेन्सरांवर रंग नसतो, अंक नसतो, बहुधा कसलीच खूण नसते. पट्टींतून सुटलेला असा भाग निनांवी होतो. मोजयंत्र लावल्याखेरीज त्याची ओळख पटत नाहीं. जी ओळख पूर्वीं वस्तूच्या अंगावर होती, ती आतां खणावरील चिठ्ठींत आहे. चिठ्ठी चुकली, कीं वस्तु गेली.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शियाळी रामामृत रंगनाथन यांनीं १९३१ सालीं आपले पांच नियम ग्रंथरूपानें मांडले. त्यांत वाचकाचा वेळ वांचवणें हा एक होता. कार्यशाळेलाही तो तंतोतंत लागू पडतो. खण जर जुन्या जाणत्यांनाच कळत असतील, तर कार्यशाळा नांवाला सर्वांची आणि वस्तुतः त्या चौघांची राहते. नवा मुलगा पहिल्याच दिवशीं, कोणाची मनधरणी न करतां, हवा तो भाग स्वतःच्या हातानें काढूं शकला, तरच ती खरोखर सामाईक म्हणावयाची.