वाक्यांची मोजपट्टी: शाळेपासून संकेतस्थळापर्यंत

संकेतस्थळासाठी लिहिणाऱ्यांना आज संगणक एक आकडा दाखवतो: सुबोधता ६२, किंवा ‘इयत्ता आठवी’. मजकूर वाचकाला कितपत कळेल, याचा हा अंदाज. या आकड्याचा जन्म मात्र आंतरजालाच्या कितीतरी आधीचा आहे.

१९२१ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी दहा हजार इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. कोणता शब्द छापील मजकुरात किती वेळा येतो, यावर ती बेतलेली होती. दोनच वर्षांत तिच्या आधारे पाठ्यपुस्तकांची काठिण्यपातळी मोजली जाऊ लागली.

या कल्पनेला लोकप्रिय सूत्राचे रूप दिले रुडॉल्फ फ्लेश यांनी. व्हिएन्नात कायदा शिकलेले फ्लेश नाझींच्या धास्तीने १९३८ मध्ये अमेरिकेत आले. इंग्रजी ही त्यांची मातृभाषा नव्हे. सोप्या इंग्रजीचा आग्रह एका निर्वासिताने धरावा, यात नवल ते काय! १९४८ मध्ये त्यांनी मांडलेले सूत्र असे: वाक्यातील शब्दांच्या सरासरीला १.०१५ ने आणि शब्दातील उच्चारावयवांच्या सरासरीला ८४.६ ने गुणायचे व दोन्ही गुणाकार २०६.८३५ मधून वजा करायचे. उत्तर शंभराकडे झुकले तर मजकूर सोपा, शून्याकडे झुकले तर अवघड. वाक्याची लांबी आणि शब्दाची लांबी, एवढेच सूत्राला दिसते. शिवाय ही पट्टी आखली गेली होती शाळकरी मुलांच्या वाचनचाचणीतील उताऱ्यांवर. मोजली जाऊ लागली मात्र प्रौढांची वृत्तपत्रे.

१९७५ मध्ये अमेरिकी नौदलासाठी पीटर किन्केड आणि सहकाऱ्यांनी ती नव्याने आखली. प्रशिक्षणपुस्तिकांतील उतारे ५३१ नौसैनिकांना देऊन त्यांचे आकलन तपासले गेले आणि उत्तर थेट शालेय इयत्तेत देणारे सूत्र तयार झाले. यंत्र दुरुस्त करणाऱ्यालाच पुस्तिका उमगली नाही तर काय होईल, हे नौदलाला सांगावे लागत नव्हते. संगणकाला ही आकडेमोड सोपी. त्यामुळे सूत्र आधी लेखनाच्या प्रणालींत शिरले आणि पुढे संकेतस्थळे तपासणाऱ्या साधनांत.

१९९७ मध्ये जॉन मॉर्कस आणि जेकब नील्सन यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी शब्दांऐवजी माणसे तपासली. एकाच संकेतस्थळाची निरनिराळी रूपे वाचकांपुढे ठेवून कोणाला माहिती किती लवकर आणि अचूक सापडते, हे पाहिले. मजकूर निम्मा केल्यावर उपयुक्तता ५८ टक्क्यांनी वाढली. त्याला ठळक मांडणी आणि जाहिरातबाजी टाळणाऱ्या भाषेची जोड मिळताच १२४ टक्क्यांनी. मांडणी किंवा बढाई यांपैकी एकही गोष्ट फ्लेश यांच्या सूत्रात बसत नाही.

सूत्राची खरी गोची पुढेच आहे. वाक्यातील शब्द उलट क्रमाने लिहिले तरी आकडा तोच येतो! आकडा सुधारण्यासाठी लेखक वाक्ये तोडतात, तेव्हा तर अर्थच निसटतो. ‘पूल वाहून गेला होता, म्हणून गाडी वळवली’ याचे ‘पूल वाहून गेला होता. गाडी वळवली.’ असे केले की गुण वाढतात, पण कार्यकारणभाव वाचकालाच जुळवावा लागतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी वाचनसंशोधकांनी हे सोदाहरण दाखवून दिले होते.

मराठीत तर हे स्थिरांक निरर्थकच ठरतात. ‘शेजारच्यांनासुद्धा’ हा लांबलचक शब्द लहान मूलही सहज समजते. ‘ऋजू’ या दोन अक्षरांपाशी मोठी माणसेही अडखळतात. प्रत्यय शब्दालाच जोडणाऱ्या भाषेत शब्दाची लांबी काठिण्य सांगत नाही.

डिसेंबर २००८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने सुगम्यतेची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांतील सर्वोच्च पातळीच्या एका निकषानुसार विशेषनामे आणि शीर्षके वगळून मजकूर कनिष्ठ माध्यमिक शिक्षण झालेल्याला वाचता यावा. तो त्याहून अवघड असेल तर सोपी आवृत्ती किंवा पूरक साहित्य सोबत द्यावे. त्या निकषात फ्लेश यांचे सूत्र नाही, गाठायचा आकडाही नाही.