पेटी आपली, आंबो खंयचो?

आमच्या पडवीत खिळ्याला पत्र्याचा एक तुकडा टांगलेला असे. त्यात तीन अक्षरं आणि एक मासा कोरलेला. एप्रिलमध्ये तो खाली उतरायचा. पेंढ्यात थरावर थर लावून पेटी भरली, फळ्या ठोकल्या की बाबा पत्रा दाबून धरायचे आणि मी काळ्या रंगातला कुंचा फिरवायचे. हा आमचा मार्का. पेटी कुणाच्या बागेतली, हे मुंबईच्या दलालाला त्यावरून समजे. ज्या हमालाला अक्षरं वाचता येत नसत, त्याला मासा ओळखू येई.

आजोबांच्या वेळी पेट्या बोटीने जात, माझ्या आठवणीत हुंडेकऱ्याच्या ट्रकने. आधी क्रॉफर्ड मार्केट, १९९६नंतर वाशी. तिथे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरे. आम्हाला तो कळे पट्टी हातात पडल्यावर, आडत, हमाली, भाडं वजा होऊन. पट्टीवर मार्का असे; गिऱ्हाइकाचं नाव कधीच नसे. आमचा माग तिथेच संपायचा.

एका मे महिन्यात बाबांना मुंबईत एका हातगाडीवर आमचीच पेटी दिसली. मासा तोच. आत मात्र लांबोडका, वासाला मुका आंबा. रिकामी पेटी कुणीतरी पुन्हा भरली होती. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "पेटी आपली, आंबो खंयचो?"

पुढे अमेरिकेत हाच प्रश्न वॉलमार्टला पडला. तिथे २००६मध्ये पालकातून ई. कोलायची साथ पसरली, आणि दोषी शेत सापडेपर्यंत देशभरातल्या दुकानांतून ताजा पालक उठवावा लागला. पुढे कंपनीच्या अन्नसुरक्षेचे प्रमुख फ्रँक यियानास यांनी कापलेल्या आंब्याचं एक पाकीट आणून आपल्या माणसांना विचारलं, हा कुठल्या बागेतला? उत्तराला ६ दिवस, १८ तास आणि २६ मिनिटं लागली. आयबीएमबरोबर नोंदी ब्लॉकचेनवर ठेवून पाहिल्या, तर २.२ सेकंद.

त्या सेकंदांचं मला फारसं अप्रूप नाही. खरी गंमत ब्लॉकचेनच्या वहीत आहे. बागायतदार, पॅकहाउस, वाहतूकदार, दुकान यांच्याकडे तीच वही असते आणि प्रत्येक नोंदीत मागच्या नोंदीचा ठसा असतो. एकाने मागाहून खाडाखोड केली तर पुढचं काहीच जुळत नाही. आमच्या दलालाच्या वहीची दुसरी प्रत आमच्याकडे असती, तर बाबांची कितीतरी भांडणं वाचली असती.

पण पहिली नोंद माणूसच करतो. कर्नाटकातला आंबा सुरुवातीलाच देवगडचा म्हणून चढला, तर ती लबाडीही तितकीच पक्की होते. २०१८मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी आंब्यावर काही ते उगवत नाही. म्हणून देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५मध्ये काढलेला तोडगा मला पटला. यात ब्लॉकचेन नाही. प्रत्येक फळाला वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर, आणि स्टिकर मिळणार ते उत्पादन देणाऱ्या कलमांच्या हिशेबाने. शंभर कलमांवाल्याला हजार कलमांचे आंबे विकता येऊ नयेत.

आता मुलगा स्टिकर लावतो. देठाचा चीक ओघळलेल्या फळाला स्टिकर धरत नाही, म्हणून जुनं लुगडं घेऊन मी शेजारी बसते आणि एकेक आंबा पुसून त्याच्याकडे सरकवते. पत्रा अजून पडवीतच आहे. माशाची शेपटी तेवढी गंजलीय.